वारा की पाणी

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या बोरिवलीत एक दिवस असा येतो, की सकाळी गॅलरीत टाकलेला टॉवेल दुपारी पापडासारखा कडक झालेला असतो. वारा फिरलेला असतो. सकाळी तो डोंगराकडून येतो, कोरडा, पालापाचोळ्याचा वास घेऊन. दुपारनंतर मात्र वायव्येकडून सुटतो आणि ओठांवर जीभ फिरवली तर किंचित खारट लागतं. खरं तर आमच्या इमारतीपर्यंत समुद्र पोचायला मध्ये केवढी तरी वस्ती आहे. पण या दिवसांत मला घरबसल्या तीन वास येतात: सुकणाऱ्या बोंबलांचा, ओल्या दोरखंडाचा आणि पातळ केलेल्या आम्लाचा. पहिले दोन समुद्राकाठी राहिलेल्या कुणालाही येतील. तिसरा फक्त आमच्यासारख्यांना, ज्यांनी तरुणपणी खिशात आम्लाची बाटली घेऊन दगडांशी गप्पा मारल्या आहेत.

मी आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचं, "मॅडम, तुमचा आवडता दगड कुठला?" मुलांना वाटायचं, आता ही बाई गार्नेट, जांभळा स्फटिक, असलं काहीतरी सांगणार. मी कपाटातून एक तुकडा काढून टेबलावर ठेवायची. पिवळट, रवाळ, शिळ्या रव्याच्या वडीसारखा. हातात घेतला तर बोटांना कण लागतात. मुलं एकमेकांकडे बघायची. कोकणात याला करळ म्हणतात. समुद्रकाठची वाळू, शिंपल्यांच्या चुन्याने आपल्या आपण चिकटून झालेला दगड. घरांची जोती, विहिरींचे कठडे याच दगडाचे असायचे. मुंबईच्या किनाऱ्यावरही तो तुकड्यातुकड्याने आहे, पण मुंबईकराला दगड म्हटलं की काळाच माहीत. हा तर भाकरीच्या रंगाचा.

त्या दगडाशी माझी ओळख झाली तो ऐंशीच्या दशकातला हिवाळा होता. गिरण्यांचा संप सुरू होऊन दुसरा हिवाळा. संप कुणी मागे घेतला नव्हता; तो उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा नुसता विरत चालला होता. माझे बाबा, तुकाराम त्यांचं नाव, परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. मालवणच्या दक्षिणेकडच्या एका वाळूच्या पट्ट्यावरच्या गावातून मिसरूड फुटायच्या आधी मुंबईत आलेले. अंधेरी पूर्वेला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. आई घरी मसाले कुटून द्यायची, शेजारच्या कारखान्यातल्या पोरांचे डबे करायची. आणि बाबा खिडकीशी बसायचे.

नुसते बसायचे, हे सांगून त्या बसण्याची कल्पना येणार नाही. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस मुळात मोठ्याने बोलतो. आमचे बाबा दूध संपल्याचं सांगायचे तरी खालच्या मजल्याला कळायचं. तो आवाज हळूहळू घरातून निघून गेला. विचारलं तर "हूं". जेवण वाढलं तर जेवण. दाढी वाढली की आई वस्तरा पुढ्यात ठेवायची, मग दाढी. कुणी जुना सोबती आला की बाबा आतल्या खोलीत जाऊन पडायचे. आईने डॉक्टर केला, देव केला, गाऱ्हाणं घातलं. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अभ्यासाच्या पुस्तकावरून मान वर केली की समोर त्यांची पाठ.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला किनाऱ्याचा किंवा डोंगराचा एक तुकडा मिळायचा. त्याचा नकाशा करायचा, दगड तपासायचे, प्रबंध लिहायचा. आमच्या सरांनी मला मढचा तुकडा दिला. वर्सोव्याच्या खाडीपलीकडे मढ, आणि मढच्या पश्चिमेला काळ्या खडकांच्या मध्ये सापडलेला तो पिवळा पट्टा. "सोपा आहे," सर म्हणाले. "जुन्या पुळणीचा दगड. समुद्राने आणलेली वाळू, समुद्रानेच घट्ट केलेली. नीट मोजमाप करा, पुरे."

घरी सांगितलं तर आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "थंय एकट्यान जावचा नाय. बापाशीक घेवन जा."

मला राग आला. बरोबरीची मुलं एकटी डोंगर हिंडतात, आणि मी बापाला घेऊन जाऊ? पण आईचं ठरलं की ठरलं. आईला माझी काळजी होती हे खरंच, पण त्याहून मोठी काळजी खिडकीशी बसलेली होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पहिल्या दिवशी आम्ही बसने वर्सोव्याला उतरलो आणि कोळीवाड्यातून फेरीबोटीच्या धक्क्याकडे चालत गेलो. बाबा माझ्या मागे दोन पावलं. त्यांच्या हातात माझा हातोडा असलेली पिशवी होती. फेरीबोटीत कोळणी, त्यांच्या टोपल्या, एक सायकल आणि आम्ही. समुद्राजवळ जन्मलेला माणूस बोटीत बसला की निदान पाण्याकडे बघतो. बाबा आपल्या चपलांकडे बघत होते.

मढच्या वाडीतून समुद्राकडे जायची वाट एका अंगणातून जायची. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले होते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, जोडीजोडीने. खाली एक ठसठशीत बाई कावळे हाकत बसली होती. तिचं नाव हिराबाई, हे नंतर कळलं.

"कुठं चालले गो बापलेकी?"

"दगड बघायला, मावशी."

"दगर?" ती हसली. "मुंबयशी येवून दगर बगतं? मासली बग, मासली!" मग बाबांकडे बघून तिने हसू आवरलं. घरातून पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्या हातात दिला. कोळणीच्या नजरेला माणूस चटकन कळतो.

ओहोटी होती. काळ्या खडकांच्या पायाशी शेवाळ चमकत होतं, आणि त्यांच्या आड, वाऱ्याकडे पाठ करून तो पिवळा खडक उभा होता. पुरुषभर उंच असेल. लाटांनी खालून खाल्लेला, वरून छपरासारखा पुढे आलेला. त्याच्या अंगावर बारीक रेघा होत्या. एकीवर एक, एकीवर एक, जुन्या धोतराच्या घड्यांसारख्या. मला वाटलं होतं त्या आडव्या असतील. पण वरच्या भागातल्या रेघा तिरप्या होत्या, चांगल्याच तिरप्या, आणि समुद्राकडे न उतरता उलट जमिनीकडे उतरत होत्या.

मी भिंग लावून बघत बसले. बाबा खडकाच्या सावलीत, समुद्राकडे पाठ करून बसले. तास गेला असेल. मी बाटली काढून आम्लाचा एक थेंब दगडावर टाकला. चुर्र आवाज झाला आणि पांढरा फेस उसळला.

"ह्या फसफसता कित्याक?"

मी इतकी दचकले की बाटली सांडता सांडता राहिली. बाबा उठून माझ्या खांद्यावरून बघत होते.

"चुना आहे त्यात," मी म्हणाले. "आम्ल पडलं की चुना असा उकळतो."

"दगडात चुनो खंयसून इलो?"

"शिंपल्यांचा, बाबा. ही सगळी वाळू शिंपल्यांचा चुरा आहे. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, थोडा चुना विरघळवून घेतं, आणि खाली जाऊन कणाकणांच्या मध्ये सोडतं. त्यानेच चिकटलाय हा."

बाबांनी बाटली घेतली, दुसरीकडे एक थेंब टाकला आणि कान जवळ नेला. मग शेजारच्या काळ्या खडकावर टाकला. तिथे काहीच झालं नाही. ते हसले नाहीत, पण त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. ती काळजीची नव्हती. साच्यात धागा तुटला की तो कुठे तुटला हे शोधताना पडत असावी, तशी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि स्टोव्हपाशी जाऊन आईला म्हणाले, "शिंपल्यांचो दगड आसा गो थंय. उकाळता." आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातातला चमचा कढईत तसाच राहिला.

तेव्हापासून दर सुटीच्या आणि मोकळ्या दिवशी आम्ही जाऊ लागलो. थंडीचे दिवस, म्हणजे मुंबईत असते तेवढीच थंडी. सकाळी फेरीबोटीत अंगावर शहारा यायचा आणि दहा वाजता पाठ भाजायची. आज या वयात मला त्या दिवसांतलं ऊनच जास्त आठवतं. सरळ अंगावर न पडता तिरपं येणारं, खडकावरची प्रत्येक रेघ उठून दाखवणारं. भूशास्त्राला हिवाळ्याचं ऊन लागतं. उन्हाळ्याच्या डोक्यावरच्या उन्हात दगड चेहरा लपवतात.

बाबा आता प्रश्न घेऊन यायचे. बसमध्येच सुरू व्हायचे. वाळू आधी की शिंपले आधी? समुद्र एवढ्यावर कसा चढला? चढला तर मग उतरला कधी? मी माहीत असेल तेवढं सांगायची. समुद्राची पातळी वर-खाली झालेली आहे, हजारो वर्षांत कधी तो आजच्यापेक्षा वर होता, कधी कितीतरी मागे. जिथे आपण फेरीबोटीतून जातो तिथे एकेकाळी चालत जाता आलं असेल.  

आणि मग आमचं भांडण सुरू झालं.

माझ्या मनात त्या तिरप्या रेघा घोळत होत्या. पुळणीवर लाट वाळू पसरते ती बेताच्या उताराने, समुद्राकडे. या रेघा छपराच्या उतारासारख्या, आणि तोंड जमिनीकडे. वाळूचे कणही बारीक, एकसारखे, जणू चाळणीतून काढलेले. वारा वाळू अशीच निवडतो. जड कण मागे ठेवतो, हलके उचलतो, टेकडीच्या पाठीवरून चढवतो आणि पलीकडच्या उतारावर ओततो. मला वाटायला लागलं, की हा दगड म्हणजे पुळण नव्हे. ही वाळूची टेकडी आहे. वाऱ्याने रचलेली, आणि मग जागच्या जागी दगड झालेली.

बाबांना हे मुळीच पटलं नाही.

"वारो दगड कसो करतलो? वारो हाताक तरी गावता काय?"

"बाबा, तुमच्या गावात वाळूच्या टेकड्या नव्हत्या?"

"होते मगे. आमच्या माडांच्या मुळात येवन बसायचे. बापूस केवड्याचा कुंपण घालायचो, ता सुद्धा बुडायचा." त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "आमी पोरां त्येच्यावरसून घसरत समुद्रात जायचो. पण सुमे, ते टेकडे आज हंय तर फुडल्या वर्सा थंय. त्येंचो दगड होयत? खुळी काय तू?"

मग त्यांनी पुरावा दाखवला. खडकाच्या वरच्या भागात बारीक नळ्या होत्या. काही पोकळ, काही चुन्याने भरलेल्या, करंगळीएवढ्या जाड, वरून खाली गेलेल्या. "ह्यां बग. कुर्ल्यांची बिळां. आमच्या पुळणीर हजारांनी असत. कुर्ली खंय ऱ्हवता? पाण्याच्या काठार. म्हणजे ह्यो दगड पाण्याचो."

खेकडे कोरड्या वाळूतही बिळं करतात, हे मी सांगितलं. त्यांनी मान उडवली. सरांना सांगितलं तर सरही बाबांच्याच बाजूचे निघाले. त्यांनी माझ्या आकृत्या शांतपणे बघितल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "तिरप्या रेघा लाटांच्या खाचेतही होतात. कण बारीक, ते पुळणीवरही असतात. कल्पना चांगली आहे, पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बसतील. वाऱ्याचं लिहायचं असेल तर वाऱ्याची सही आणा. नाहीतर माझं ऐका आणि पाण्याचं लिहा."

घरी येऊन हे सांगितलं तर बाबा खूश. "बग! मास्तर माज्या बाजून!" आई डबे भरता भरता म्हणाली, "वारो काय, पाणी काय, चेडवाचा वर्स फुकट जाता नये." 'वारा की पाणी' या तीन शब्दांच्या भांडणात आमचं घर पुन्हा आवाजी झालं होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा जिन्यात मला विचारलं, "बाबा बरे झाले का गं? आवाज येतो हल्ली." मला हसू आलं.

माघ सरत आला असताना ती दुपार आली.

गिरणीत काहींना पुन्हा घेताहेत अशी हूल उठली होती. बाबा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून परळला गेले. जाताना मला म्हणाले, "आज तुज्या दगडाक सांग, मी कामार गेलंय." दुपार कलली तेव्हा त्यांच्याबरोबरच काम करणारे एक शेजारी दारात आले. चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेरूनच आईला म्हणाले, "वहिनी, तुकाराम आला काय घरी? त्याला नाय घेतला. जुन्यांतलो एकच जण घेतलो. तुकाराम तर बारा वाजताच फाटकावरून निघालो."

बाबा आले नव्हते.

त्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका संपकऱ्याच्या घरात काय घडलं होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. दोघींनीही ते तोंडाने काढलं नाही. आईने स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले आणि मला विचारलं, "खंय जायत तो?"

मला एकच जागा सुचली. सुचली आणि तिचीच भीती वाटली. कारण तिथे समुद्र होता.

आईने तो रस्ता कधी पाहिला नव्हता. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून ती जवळजवळ पळत होती. फेरीबोटवाल्याने मला ओळखलं. "तुझा बाप? गेला ना दुपारीच पलीकडे. एकटाच होता. पैसे द्यायचा पण विसरला." आईने माझं मनगट धरलं ते पलीकडे पोचेपर्यंत सोडलं नाही. तिची बोटं उमटलेली मला नंतर दिसली.

हिराबाई अंगणात बोंबील उतरवत होती. आम्हाला दोघींना बघून ती उठलीच. "आला व्हता. पानी दिला, घेतला नाय. बोलला पन नाय. तिकरं गेलाय, दर्यावर." मग आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने हातातली टोपली खाली टाकली आणि म्हणाली, "चला, मी पन येते."

भरतीची वेळ होती. खडकाशी पोचलो तर तिथे कुणी नव्हतं. पाणी खालच्या दगडांना धडकून वर उडत होतं. मी हाक मारली. वाऱ्याने ती उलटी माझ्याच तोंडात घातली. आई खडकाला हात टेकून उभी राहिली. तिने दगडाकडे पाहिलंही नाही. 

"थो काय?" हिराबाईने बोट केलं.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, पाण्यापासून दूर, आजच्या वाळूची एक बुटकी टेकडी होती. अमावास्येच्या भरतीने तिचं तोंड कापून काढलं होतं, चाकूने ढोकळा कापावा तसं. त्या कापाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरत होता.

आम्ही धावलो. मऊ वाळूत पाय रुतत होते. आई दोनदा पडली. जवळ जाताच बाबांनी मान वळवली. गालावर वाळू चिकटलेली, डोळे लाल. रडून लाल झाले होते हे उघड होतं. पण चेहरा रडणाऱ्याचा नव्हता.

"सुमे! ये हंय! मी हरलंय गो!"

मला काही कळेना.

"बग ह्यां. बग." टेकडीच्या कापलेल्या तोंडातून मर्यादवेलीची मुळं लोंबत होती. ती जांभळ्या फुलांची, भरतीच्या रेषेच्या वर वाळू धरून पसरणारी वेल. बाबांनी एक मूळ हळूच सोडवून माझ्या तळहातावर ठेवलं. मुळाभोवती वाळूचं एक कवच चिकटलं होतं. पांढुरकं, चुन्याचं, नळीसारखं. खाली जाताना बारीक होत गेलेलं, आणि एका ठिकाणी फांदी फुटलेलं. आत मूळ सुकून गेलेलं होतं, आणि नळी उरली होती.

"कुर्लीचा बीळ खाली जाताना बारीक होता काय? त्येका फांदी फुटता काय? मुळां ही! तुज्या दगडातली सगळी मुळां! वेल होती थंय. म्हणजे सुकी वाळू होती. म्हणजे टेकडी होती." त्यांचा आवाज साच्यांवर ओरडायचा तेवढा चढला. "वारोच गो तो! मी हरलंय, तुजो मास्तर हरलो!"

आणि ते हसले. दीड-दोन वर्षांत न ऐकलेलं, पोटातून आलेलं हसणं. आई पोचली होती. ती त्यांच्यासमोर वाळूत बसली, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिने दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला सुरुवात केली. "हरलंय म्हणता! हसता! हंय आमचो जीव गेलो!" बाबा मार खात होते आणि म्हणत होते, "अगो, मुळां तुटतीत! मुळां!" हिराबाईने तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

परतीच्या फेरीबोटीत मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही आज इथे कशाला आलात?"

ते पाण्याकडे बघत होते. आई शेजारी होती, तिचा हात त्यांच्या शर्टाच्या बाहीवर होता. "घराक येवचा तोंड नाय होता," ते म्हणाले. "थंय बसलंय. पाणी चढत होता. बसानच होतंय. मगे म्हटला, एकदा ती बिळां बगूया. बगलंय. मगे ही वेल दिसली." थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच: "मगे पाण्यार बसाक सवड खंय होती?"

यापेक्षा जास्त ते त्या दुपारबद्दल कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आता वाटतं, माणसाला धरून ठेवायला फार मोठं काही लागत नाही. पूर्ण न झालेला एखादा वाद, उत्तर न मिळालेला एखादा प्रश्न असला तरी तो पाण्यातून उठून येतो. निदान माझे बाबा आले. सगळे येत नाहीत, हेही त्या वर्षी आम्हाला माहीत होतंच.

पुढच्या आठवड्यात सर मढला आले. उंच, पांढऱ्या शर्टातले सर आणि लेंगा वर खोचलेले बाबा, दोघे खडकासमोर उकिडवे बसले होते. सरांनी आधी आजच्या टेकडीतलं मूळ पाहिलं, मग खडकातल्या नळ्या भिंगाखाली बघितल्या. फार वेळ. मग ते खडकाच्या पायथ्याशी वाकले आणि खालचं शेवाळ खरवडलं. तिथे कुणी बघितलं नव्हतं. आत गोटे होते, काळ्या दगडाचे, गुळगुळीत, आणि अखंड कालवांचे शिंपले.

"वारा गोटे उचलत नाही," सर म्हणाले. "खालचा भाग समुद्राचाच आहे. पण वरचा," त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "वरचा वाऱ्याचा. सही मिळाली तुम्हाला."

दोन्हींच्या मध्ये एक रेघ होती. बोटाच्या नखाएवढी. तिच्याखाली समुद्र होता आणि वर कोरडी जमीन. समुद्र मागे हटला, पुळण उघडी पडली, वारा सुटला, वाळू चढू लागली, वेल आली. त्या एका रेघेत केवढा काळ गेला असेल कोण जाणे. बाबांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि सरांना म्हणाले, "म्हणजे साहेब, आपण दोघंव अर्धे अर्धे."

"अर्धे हरलो," सर म्हणाले.

"अर्धे जिंकलो म्हणा," बाबा म्हणाले, आणि सर मोठ्याने हसले. सरांना तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला त्या नळ्यांवरच घोळवलं. मी उत्तरं दिली. गिरणीने बाबांना पुढेही घेतलं नाही. पुढे कुणालाच घ्यायला ती उरली नाही. परळला ती उभी होती तिथे आता काचेची उंच इमारत आहे, आणि मी तिच्यावरून जाते तेव्हा वर बघत नाही. मढच्या त्या कोपऱ्यात निवृत्तीनंतरही गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. अर्ध्या खडकासमोर एका बंगल्याची भिंत आली आहे. उरलेला आहे. मुलांनी आम्लाचा थेंब टाकला, फेस आला, एक मुलगी म्हणाली, "मॅडम, झकास!" आणि मग, "पण ही मुळं कसली होती?" मी लगेच सांगितलं नाही. तिला शोधू दिलं.

मी प्रबंध लिहिला त्या वर्षी, उन्हाळा लागायच्या सुमारास बाबा साकीनाक्याच्या एका लहान कारखान्यात लागले. प्लास्टिकची बटणं पाडायचं काम. पगार गिरणीच्या निम्मा, आवाजही निम्मा. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा हातांना कसला तरी गोडसर, जळका वास होता. आईने ताट वाढलं. भात, सोलकढी, तळलेला बांगडा. बाबांनी बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे वळून खालच्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"गो सुमे, आज बसातसून अंधेरीची ती काळी टेकडी बगलंय. पट्ट्यापट्ट्यांची, उभ्या खांबांसारखी. ती कोणी केल्यान? वाऱ्यान काय पाण्यान?"

"दोघांनीही नाही," मी म्हणाले. "आगीने."

बाबांचा हात ताटावर थांबला.

"आग? हंय? अंधेरीत?"

आई म्हणाली, "आधी जेवा." पण ते चपला शोधायला लागले होते.